'हे कोठे लिहिले आहे?' : आंतरजाल आणि आपली मुले

इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वप्रथम एक प्रश्न विचारायला शिकवावे लागते : हे कोठे लिहिले आहे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर आपल्या वसतिगृहातील मुलांच्या आवाक्याबाहेर असे. मूळ ग्रंथ मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत आणि मूल साक्री किंवा चोपडा तालुक्यातील एखाद्या गावचे. आज महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. ज्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले, त्याच्या संकेतस्थळावर 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे 1936 चे, प्रत्यक्षात न झालेले भाषण उपलब्ध आहे. पाली त्रिपिटकही देवनागरी लिपीत पाहता येते. पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेल्या समाजाच्या दृष्टीने ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु दार उघडले म्हणजे मूल आत गेले, असे होत नाही. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांच्या प्रेरणेने, मुख्यतः गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून, धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या सुमारे 1,100 शाळा गेल्या दशकात डिजिटल झाल्या. खान्देशाने अभिमान बाळगावा असेच हे काम आहे. तथापि पडद्यावरचा धडा पाहणे निराळे आणि स्वतः शोध घेणे निराळे. 2020 च्या टाळेबंदीत घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, ही स्थिती पालकांना आठवत असेलच. खेळ आणि चित्रफितींत जाणाऱ्या वेळेविषयी पालकसभेत पुष्कळ बोलले जाते. ती काळजी रास्त आहे, पण मला त्याहून मोठी काळजी 'फॉरवर्ड'ची वाटते.

शिक्षणाला वाघिणीचे दूध म्हणणारे, बाबासाहेबांच्या नावाचे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरी, भिंतीवर, मोबाइलवर आहे. आमच्या नववीच्या वर्गाने त्याचा मूळ आधार शोधायला घेतला. छायाचित्रांसह ते शेकडो ठिकाणी सापडले. पण मुलांनी पाहिलेल्या एकाही चित्रावर भाषणाची तारीख वा स्थळ नव्हते. उलट शोधता शोधता त्यांना एकोणिसाव्या शतकातील विष्णुशास्त्री चिपळूणकर भेटले. त्यांनी ही उपमा इंग्रजी भाषेला दिली होती. वर्गात शांतता पसरली. एका मुलाने विचारले, "सर, मग फळ्यावरून पुसून टाकू का?" दुसरा रागावला, बाबासाहेबांवर शंका घेता का, म्हणाला. मी त्याच्या रागाचा आदर करतो. पण ही शंका बाबासाहेबांवर नव्हती, चित्र बनवणाऱ्या अनामिकावर होती. स्वतः बाबासाहेब तळटीप दिल्यावाचून विधान करीत नसत, हे त्यांचा कोणताही संशोधनग्रंथ उघडून पाहावे. अखेर वाक्य पुसले नाही. मुलांनी त्याखाली लिहिले : 'आधार मिळालेला नाही, शोध चालू.'

हीच मुले पुढे लळिंगच्या लांडोर बंगल्याकडे वळली. न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब 31 जुलै 1937 रोजी तेथे मुक्कामी होते. दरवर्षी त्या दिवशी तेथे जमणारी गर्दी आपण सारे जाणतो. सुटीत घरी गेलेल्या मुलांना एकच काम दिले : घरातील वडीलधाऱ्यांना त्या भेटीविषयी विचारावे आणि उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, त्यांच्याच अहिराणीत. मुले परत आली ती भरभरून बोलत. कोणाच्या आजोबांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेले सांगितले होते, कोणाच्या आजीने सासऱ्यांकडून. एकाच प्रसंगाची तीन-तीन रूपे निघाली. मग कोणते खरे, यावर जे भांडण जुंपले, तसे साधनचिकित्सेच्या माझ्या कोणत्याही तासाला जुंपले नव्हते. शेवटी मुलांनीच शाळेच्या संगणकावर दोन फोल्डर केले. एकाचे नाव 'पाहिलेले', दुसऱ्याचे 'ऐकलेले'. दुसऱ्यात नोंदी वाढत आहेत. पहिले अद्याप रिकामे आहे. स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी नव्वदी ओलांडलेले कोणी असेल, तर मुलांना जरूर कळवावे.