आयर्न तापवण्याआधी

चि. मुग्धास,

हेडफोन जॅकसाठी दुकानदार मदरबोर्ड बदलायला सांगतो, म्हणून तू जॅक स्वतःच बदलायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. एवढ्याशा भागापायी चांगला लॅपटॉप मोडीत जाऊ नये. पण जॅकच बिघडलाय हे तू अजून तपासलेलं नाहीस, नुसतं गृहीत धरलं आहेस. ते पक्कं कळेपर्यंत सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ नकोस.

आधी दुसरा हेडफोन लावून बघ. मग लॅपटॉप बंद करून टॉर्चने जॅकच्या आत पाहा. बॅगेतला कचरा आत दाबून बसला की पिन शेवटपर्यंत जात नाही. तो लाकडी टूथपिकने हलकेच काढ. सुई घालू नकोस, आतल्या पट्ट्या वाकतात.

आता लक्षणं बघ. पिन हलवली की आवाज येतो-जातो, तर जॅकच्या पायांशी ड्राय सोल्डर झालं असेल, म्हणजे सोल्डरचा सांधा सुटला असेल, किंवा आतली पट्टी सैल पडली असेल. काहीही न लावता स्पीकर गप्प राहत असतील, तर पिन आत आल्याची वर्दी देणारा जॅकमधला स्विच अडकलेला असू शकतो. यातलं काहीच नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. तिथे आवाज नीट आला तर दोष ड्रायव्हरचा किंवा सेटिंगचा, आणि लॅपटॉप उघडायची गरजच नाही.

उघडावा लागलाच तर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढ. बऱ्याच लॅपटॉपमध्ये जॅक वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो आणि तो पट्टीच्या केबलने मदरबोर्डाला जोडलेला असतो. तुझं तसं असेल तर अख्खा छोटा बोर्ड बदल, सोल्डरिंग टळेल. जॅक मदरबोर्डावरच असेल तर आधी फ्लक्स लावून पायांना नुसतं ताजं सोल्डर दे. ड्राय सोल्डरचं दुखणं असेल तर तेवढ्याने भागतं.

जॅक काढायची वेळ आली तर खरी परीक्षा ग्राउंडच्या पायाची. तो तांब्याच्या रुंद थराला जोडलेला असतो, दिलेली उष्णता तो थर पिऊन टाकतो आणि सोल्डर वितळत नाही. इथे माणूस चिडून ओढतो, मग पॅड उखडतो, आणि दोन तासांचं काम दोन आठवड्यांचं होतं. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर साधारण 217 अंशांना वितळतं, शिसं असलेलं 63/37 मात्र 183 लाच. म्हणून आधी प्रत्येक पायावर 63/37 चढव, दोन्ही मिसळली की वितळणं सोपं होतं. खिडकी उघडी ठेव, नंतर हात धू. सगळे पाय एकाच वेळी मोकळे झाल्याशिवाय जॅक हलवायचा नाही. आधी एखाद्या भंगार बोर्डावर हात बसव. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारलंस तर तसा बोर्ड मिळेल.

नवा जॅक मागवताना 3.5 मिमी एवढ्यावर जाऊ नकोस. भोक सगळ्यांचं सारखं, पण पायांची संख्या, त्यांची मांडणी आणि जॅकची उंची वेगळी असते. जुन्याशी पट्टीने मापून घे. बसवल्यावर बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटरने शेजारशेजारचे पाय एकमेकांना चिकटले नाहीत ना ते पाहा.

बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव, म्हणजे जॅक कुठला ते आपण मिळून ठरवू. तोवर तुझ्या ऑनलाइन तासांना यूएसबीचं छोटं साउंड कार्ड वापर, स्वस्तात मिळतं.

तुझा,
मामा