मुळाला पाणी, हवेला ओल

साकोली, २० एप्रिल

चि. मृण्मयीस,


ऑर्किडचे फोटो मिळाले. ‘रोज सकाळी न चुकता पाणी घालते, तरी पानं पिवळी पडताहेत,’ असं तू लिहितेस. पोरी, ते ‘न चुकता’ हेच दुखणं आहे. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी मला फोटोतही दिसलं.

तुझी ती फॅलेनॉप्सिस मूळची आग्नेय आशियातल्या ओल्या जंगलांतली. तिथे ती मातीत वाढत नाही, झाडाच्या फांदीला धरून राहते. शेजारच्या काकू तिला बांडगूळ म्हणत असतील, तर म्हणू देत. ती झाडाचा रस घेत नाही, फक्त आधार घेते. मुळं उघड्यावर असतात आणि त्यांच्यावर मेलेल्या पेशींचं पांढुरकं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाऊस आला की ते टिपकागदासारखं पाणी ओढून घेतं, मग वाऱ्यावर सुकतं. हे सुकणं तिला पाण्याइतकंच लागतं. मूळ सतत ओलं राहिलं की त्याला हवा मिळत नाही, ते कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पानं सुरकुततात. आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण आणखी पाणी ओततो. आपल्याकडे ऑर्किडं उन्हाने कमी आणि अशा मायेनेच जास्त मेलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा घड्याळ सोड, मुळं बघ. रुपेरी दिसली तर पाणी दे, हिरवी असली तर थांब. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकची, खाली भरपूर भोकं असलेली कुंडी घे. आत माती नको. कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सालीचे तुकडे पुरे. पाणी द्यायचं तेव्हा मोरीत नेऊन खालून वाहून जाईपर्यंत दे, निथळू दे, मगच जागेवर ठेव. वेळ सकाळची. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर कापसाने टिपून घे, नाहीतर कोंब सडतो.

आता खरी परीक्षा पुढेच आहे. नवतप्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, लू सुटते, आणि माणूस धावतो कुंडीकडे तांब्या घेऊन. अशा वेळी रोपाला जास्त हवी असते ती हवेतली ओल. मुळाचं पाणी आणि हवेतली ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं समजलं की अर्धं काम झालं. फॅलेनॉप्सिसची पानं दिवसा रंध्रं मिटून घेतात आणि मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे रात्रीची कोरडी हवा तिला जास्त जाचते. जवाहरनगरच्या तुझ्या क्वार्टरमध्ये कूलर आहेच. रोप त्याच खोलीत ठेव, पण झोतासमोर नको. कुंडीखाली परातीत खडे घालून पाणी भर, मात्र कुंडीचा तळ पाण्याला लागू देऊ नको. खिडकी पूर्वेची, तीही पातळ पडद्याआड. मुळं मात्र तेव्हाही बघूनच भिजव.

मृग लागला की सगळं उलटं. हवाच ओली असते, पाणी फारसं लागत नाही. रोपाजवळ पंखा चालू ठेव. खत द्यायचं ते याच दिवसांत, पाकिटावरच्या मापाच्या चौथाई, आणि तेही ओल्या मुळांवर.

बोअरचं पाणी वापरू नको. कुंडीच्या काठाला आणि मुळांच्या टोकांना पांढरा थर धरतो तो त्यातल्या क्षारांचा. पत्र्यावरचा पहिला पाऊस वाहून जाऊ दे, नंतरचा ड्रममध्ये धर आणि झाकून ठेव. ज्या जिल्ह्यात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधून पावसाचं पाणी अडवलं, तिथल्या मुलीला एक ड्रम भरणं जड जाऊ नये.

कोजागिरीनंतर रात्री गार होऊ लागल्या की फुलाचा दांडा यायची शक्यता. पारा पंचविशीच्या खाली काही आठवडे राहिला की तिला ती हाक लागते. म्हणून तेव्हा लगेच घरात कोंडू नको. पौषातली दहा-बारा अंशांची थंडी मात्र तिला सोसत नाही, तेव्हा रात्री आत घे.

आणखी एक. बाजारात कुणी ‘जंगलातलं ऑर्किड’ म्हणून देईल, ते घेऊ नको. आपल्या जंगलात जुन्या आंब्या-मोहावर वांडा टेसेलाटा असते. पिवळसर-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, खाली निळसर-जांभळी जीभ, आणि मंद सुगंध. रास्ना म्हणून औषधालाही ती ओरबाडली जाते. ऑर्किडच्या धुळीसारख्या बीत अन्नसाठाच नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, हे नोएल बर्नार्ड या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये दाखवलं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखरेच्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवलं. बाटलीत वाढवलेली रोपं आज दुकानात मिळतात त्याचं मूळ तिथे आहे. फांदीवरची वांडा मात्र त्या बुरशीच्या भरवशावर, वर्षानुवर्षं सावकाश वाढलेली असते. कोका अभयारण्यात फिरायला गेलीस तर दुर्बिणीतून बघ. तिथून एक फांदीही आणणं गुन्हा आहे.

दुसरं रोप घ्यायचंच असेल तर रोपवाटिकेतून डेंड्रोबियम घे, आपलं ऊन ती फॅलेनॉप्सिसपेक्षा जास्त सोसते. तूर्त बशी काढून टाक. रोप कुंडीबाहेर घेऊन मऊ, तपकिरी मुळं स्वच्छ कात्रीने काप, कापल्या जागी हळद लाव आणि दोन दिवस पाणी देऊ नको. नारळाची साल विकत आणू नको, माझ्याकडे भिजवून वाळवलेली पोतंभर आहे. तुझे मामा येत्या रविवारी भंडाऱ्याला येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते.

तुझी,
मामी