सोबत्याचा प्रश्न आणि निबंधाची सुधारणा

निबंधाच्या वह्या तपासणे हे खेड्यातील शिक्षकाचे मोठे जिकिरीचे काम असते. दोन-तीन इयत्ता एकाकडेच असल्या म्हणजे तांबड्या खुणा करण्यातच वेळ सरतो, आणि मुलगा शेरा पाहून वही मिटून ठेवतो. वस्तुतः लेखन सुधारते ते पुन्हा लिहिल्याने. आपले लिहिणे कोणी आस्थेने वाचले असे कळले, तरच मुलास ते पुन्हा लिहावेसे वाटते. असा वाचक वर्गातील सोबतीही होऊ शकतो.

खानदेशास हा विचार परका नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असता साने गुरुजींनी छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालविले होते. लेखनासमोर वाचक असावा, हेच त्यातून घेण्याजोगे आहे.

चाळीसगाव तालुक्यातील चौथीच्या वर्गास 'पूर' हा विषय द्यावा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर व डोंगरी या नद्यांना आलेल्या पुराची हकीकत मुलांनी घरी विचारून यावे. समजा, एकाने लिहिले, "पूर आला. फार नुकसान झाले." सोबत्याने त्यावर 'छान' वा 'वाईट' असे न लिहिता दोनच गोष्टी लिहाव्या : कोणते वाक्य आवडले, आणि आणखी काय जाणून घ्यावेसे वाटते. "पाणी कोठवर चढले? गुरांचे काय झाले?" हे वाचून पहिला मुलगा कदाचित लिहील, "पाणी उंबऱ्याशी आले तेव्हा आजीने आधी गाईचे दावे सोडले." येथे निबंध जिवंत झाला.

आरंभी शिक्षकाने स्वतःचा परिच्छेद फळ्यावर लिहून त्यावर मुलांना प्रश्न विचारू द्यावे. म्हणजे प्रश्न विचारणे हा अपमान नव्हे, हे त्यांस कळते. जोड्या दर आठवड्यास बदलाव्या, नाहीतर कच्च्या मुलाची वही कोणीच मागत नाही. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या लेखनात तिचा शब्द आला, तर त्यास हसू देऊ नये. तो तसाच ठेवून शेजारी प्रमाण मराठीतील शब्द लिहावा. ऱ्हस्व-दीर्घाची तपासणी शेवटी करावी.

शेजारच्या शाळेशी देवघेव करावयाची असल्यास वहीच्या पानाचे छायाचित्र मोबाइलवरून त्या शिक्षकाकडेच धाडावे, व मुलाचे नाव झाकावे. मात्र सोबत्याच्या प्रश्नाने शिक्षकाचे काम संपत नाही. पहिला व दुसरा लेख शेजारी ठेवून काय सुधारले ते मुलाकडूनच वदवून घ्यावे, आणि मगच आपला शेरा लिहावा.