कंपनी विकली गेली, आता तुझ्या सहीचं काय?

मनू, नेमणूकपत्रातलं ते कलम तुझी झोप उडवतंय ना? ‘सोडून गेल्यावर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही.’ आणि आता कंपनीच विकली गेल्यावर नवा मालक ते तुझ्यावर उगारेल, अशी धास्ती. नीट ऐक.

आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. त्यातलं २७ वं कलम म्हणतं, कुणाला पोटापाण्याचा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू जहीर खानचंच बघ. त्याचं काम बघणाऱ्या कंपनीनं करार संपल्यावरही ‘आधी आम्हाला विचार’ ही अट पुढे केली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती मानली नाही. अगं, जी बंदी जुन्या मालकाच्या हातात टिकत नव्हती, ती नव्याच्या हातात कशी टिकेल?

नोकरीत असतानाची गोष्ट मात्र वेगळी. कल्याणच्या धाग्याच्या कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून दुसऱ्या कारखान्यात गेला, तेव्हा १९६७ साली त्याच न्यायालयानं त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. म्हणून नोटीस पिरियड पुरा कर. गिऱ्हाइकांची यादी स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस, एक फाईलसुद्धा नाही. गुपितं सांभाळायची अट नोकरीनंतरही मागे लागते.

आता एचआरला सरळ विचार, नक्की विकलंय काय? नुसते शेअर विकले असतील तर तुझी कंपनी तीच, करारही तोच. धंदाच उचलून दुसऱ्या कंपनीला दिला असेल, तर तुझ्या संमतीशिवाय तुला तिकडे ढकलता येत नाही. मग नवं पत्र पुढे येतं, आणि खरी मेख तिथेच असते. ‘राजीनामा द्या, नव्यानं रुजू व्हा’ म्हणाले, तर आधीची सेवा सलग धरणार हे लेखी घे. नाहीतर ग्रॅच्युइटीची वर्षं हकनाक वादात सापडतील.

मला काळजी आहे ती तुझ्या ईसॉपची, म्हणजे कर्मचारी म्हणून कंपनीनं तुला देऊ केलेल्या शेअरांची. २७ व्या कलमालाच एक अपवाद आहे: धंद्याचं गुडविल विकणाऱ्यानं तोच धंदा ठरावीक हद्दीत न करण्याचं कबूल केलं आणि ती हद्द वाजवी असली, तर ती अट चालते. तुझे हे शेअर विकत घेताना नवे मालक तुझ्यापुढे बंदीचा वेगळा कागद ठेवतील आणि याच अपवादाचा आधार घेतील. ती बंदी तुझ्यासारख्या पगारदाराला लागू पडते का, यावर भांडता येतं, पण सहीच्या आधी भांडलेलं बरं. तो कागद वकिलाला दाखव. शनिवारी सगळी पत्रं घेऊन ये, आपण दोघी मिळून वाचू.