उतारवयांतील बळ व तोल



विसरवाडी व आसपासच्या पाड्यांत साठी उलटलेल्या माणसास घरचीं मंडळी म्हणतात, "बाबा, आतां बसूनच राहा." ह्या बोलण्यांत माया आहे खरी, पण धोकाहि आहे. तो कोणता, हें ह्या पाठांत पाहूं.

पहिली गोष्ट. स्नायूंचें बळ साठीनंतर वेगानें घटतें, व बसून राहिल्यानें तें आणखी लवकर जातें. डोळे, कानाचा आंतील भाग आणि पायांची जाणीव ह्या तिघांच्या साह्यानें आपला तोल राहतो. परंतु मांड्या व पोटऱ्या दुबळ्या असल्या म्हणजे घसरलेला पाय सावरत नाहीं. ओल्या अंगणांत पडून खुब्याचें हाड मोडलें, तर पुष्कळांस पुन्हां पहिल्यासारखें चालतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट आशेची आहे: गेलेलें बळ परत मिळूं शकतें. पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) ह्यांस १९७९ सालीं दुचाकीचे दोन अपघात झाले. तेव्हां साठीच्या ह्या गुरूसहि सोप्या आसनांपासून पुन्हां आरंभ करावा लागला. तरी नव्वदीनंतरहि त्यांचा सराव चालू होता. भिंत, दोरी व खुर्ची ह्यांचा आधार घेण्यास त्यांनीं शिष्यांस शिकविलें. अमेरिकेंत १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत नव्वदीच्या सुमाराच्या वृद्धांनीं देखरेखीखालीं आठ आठवडे पायांनीं वजनें उचललीं. त्यांचें बळ सरासरी दुपटीहून अधिक झालें.

तिसरी गोष्ट, करावयाचें काय?

१. खाट भिंतीस टेकवून, हातांच्या आधारानें दहा वेळां उठावें व बसावें.
२. भिंतीस हात लावून दहा वेळां टाचा उचलाव्या.
३. भिंतीशेजारून एका पावलापुढें दुसरें पाऊल टेकवीत दहा पावलें चालावें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पासष्टीपुढील माणसांस तोल व बळ वाढविणारा व्यायाम आठवड्यांतून निदान तीन दिवस करावयास सांगितलें आहे. आरंभीं कोणी तरी शेजारीं उभें असावें. छातींत दुखलें किंवा घेरी आली, तर थांबून डॉक्टरांस दाखवावें. जेवणांत डाळ, शेंगदाणे किंवा अंडें असावें; कारण व्यायामास अन्नाची जोड नसेल, तर स्नायू भरत नाहींत.

मननाकरितां प्रश्न:

१. बसून राहिल्यानें कोणती हानि होते?
२. तोल कोणत्या तिघांच्या साह्यानें राहतो?
३. तुमच्या पाड्यांतील कोणता वृद्ध ह्या आठवड्यांत उंबऱ्याबाहेर आला नाहीं? त्याच्या शेजारीं उभें राहावयास कोण जाईल?