शेवटचं वर्ष : अभ्यास, घर, मैत्री आणि सुट्टी यांचा मेळ कसा घालावा?



टी.वाय.चं वर्ष सुरू झालं की वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी दिसू लागतात. काही जण ठरवतात, "आता वर्षभर गावाला जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, फक्त अभ्यास." काही जण म्हणतात, "कॉलेजचं शेवटचंच वर्ष आहे, मजा करून घेऊ, अभ्यास काय शेवटच्या महिन्यात होतो." पहिल्या गटातले बरेच जण दिवाळीपर्यंत थकून जातात. दुसऱ्या गटातल्यांची परीक्षेआधी धावपळ होते, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. दोन्ही गटांत एक गोष्ट सारखीच घडते : घरचे नाराज होतात, मित्र दुरावतात आणि स्वतःलाही समाधान मिळत नाही.

आजच्या पाठातला मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवू. समतोल म्हणजे रोज अभ्यासाला चार तास, घराला चार तास, मित्रांना चार तास अशी सारखी वाटणी नव्हे. ती कुणालाच जमत नाही. कुणाला किती वेळ देणार हे आधी ठरवायचं, त्या माणसाला तसं सांगायचं आणि सांगितलेलं पाळायचं, एवढं जमलं की समतोल साधला. आपली माणसं कमी वेळ मिळाला म्हणून फारशी दुखावत नाहीत. वाट पाहायला लावली की दुखावतात.

१) शेवटचं वर्षच एवढं अवघड का जातं?

आपल्याकडे परीक्षेचं वेळापत्रक आणि घरचं कॅलेंडर यांची नेहमीच टक्कर होते. गणपती-गौरीच्या आसपास अंतर्गत परीक्षा आणि प्रॅक्टिकलच्या वह्या असतात. हिवाळी सत्राची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येते. विदर्भ-मराठवाड्यात त्याच सुमारास सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते, घरात हात कमी पडतात. उन्हाळी सत्राची परीक्षा नेमकी लग्नसराईत. त्यात शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट, मुलाखती आणि पुढच्या प्रवेशाच्या परीक्षांची भर पडते.

आणखी एक फरक आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षात एखादा विषय राहिला तरी एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येतं. शेवटच्या वर्षी पुढचा वर्गच नसतो. एक विषय जरी राहिला तरी पदवी हातात येत नाही, आणि पदवी नाही म्हणून पुढचा प्रवेश किंवा नोकरी हातची जाऊ शकते. म्हणून "बघू पुढच्या वेळी" हे वाक्य या वर्षी महाग पडतं.

घरातलं बोलणंही याच वर्षी बदलतं. मुलाला विचारलं जातं, "आता कमवायला कधी लागणार?" मुलीसाठी स्थळं यायला लागतात. हे सगळं मनात घेऊन पुस्तक उघडायचं असतं. त्यामुळे "मन लागत नाही" असं कुणी म्हटलं तर त्याला लगेच आळशी ठरवू नका.

२) आधी आठवड्याचा हिशोब मांडा

आठवड्यात १६८ तास असतात. श्रीमंत-गरीब सगळ्यांना तेवढेच. आता एका विद्यार्थिनीचं उदाहरण घेऊ.

क्रेडिट पद्धतीत थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रॅक्टिकलचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. समजा तिला या सत्रात २२ क्रेडिट आहेत, १४ थिअरीचे आणि ८ प्रॅक्टिकलचे. म्हणजे २१० अधिक २४०, एकूण ४५० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर कॉलेजचे आठवड्याला ३० तास झाले.

- झोप : रोज ८ तास, म्हणजे ५६
- कॉलेज : ३०
- जेवण, अंघोळ, कपडे, बसचा प्रवास : रोज ४ तास, म्हणजे २८
- स्वतःचा अभ्यास : २५

बेरीज १३९. उरले २९ तास. वाचून आश्चर्य वाटेल, पण व्यवस्थित अभ्यास करूनही घर, मैत्री आणि विश्रांती यांना २९ तास उरतात!

मग ते जातात कुठे? फोनवर रील्स बघण्यात रोज ३ तास गेले तर आठवड्याचे २१ तास गेले. उरले फक्त ८. या ८ तासांत आई, मैत्रीण, भाऊ आणि झोपेची थकबाकी सगळे भांडत बसतात. आपण मात्र दोष अभ्यासाला देतो.

सगळ्यांचं गणित असं बसत नाही, हेही खरं. कुणी "कमवा आणि शिका" योजनेत काम करतं, कुणी सकाळी पेपर टाकतं, कुणी दुकानात बसतं. बऱ्याच मुलींना घरी आल्यावर स्वयंपाक आणि भांडी चुकत नाहीत. अशांनी तो वेळ हिशोबात लपवू नये. "घरकाम : १४ तास" असं स्पष्ट लिहावं. कागदावर दिसलं की घरी दाखवता येतं आणि "परीक्षेच्या महिन्यात भांडी दादाने घासावी" असं म्हणायला आधार मिळतो.

३) अभ्यासाचे तास वाढवण्याआधी पद्धत सुधारा

घरच्यांसाठी वेळ काढायचा तर अभ्यास कमी वेळात पक्का व्हायला हवा. इथे दोन संशोधनं उपयोगी पडतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. त्यांना दिसलं की पाठ केल्यावर सुरुवातीच्या काळात आपण सगळ्यात वेगाने विसरतो, पुढे तो वेग मंदावतो. म्हणून आज शिकलेलं उद्या, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी थोडं थोडं बघावं. एका रात्रीत सहा तास बसण्यापेक्षा हे परवडतं.

दुसरं संशोधन २००६ चं, रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांचं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, त्यामुळे आपल्या कामाची पद्धत कुठली ते कळलंच असेल. एक टॉपिक वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं बघा.

आणि झोप तोडू नका. दिवसभरात शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं काम झोपेत चालतं. रात्रभर जागून वाचलेलं सकाळी पेपरात आठवत नाही ते यामुळेच.

४) घरच्यांशी कसं बोलावं?

बहुतेक भांडणं होतात ती "बघतो", "जमलं तर येतो", "नंतर फोन करतो" या शब्दांमुळे. आई संध्याकाळी सातपासून फोनकडे बघत बसते आणि आपण अकराला "अगं, विसरलोच" म्हणतो. त्याऐवजी ठरलेला वेळ द्या : "आई, मी रोज रात्री साडेआठला फोन करीन, दहा मिनिटं. परीक्षेच्या दिवसांत पाचच मिनिटं, पण करीन नक्की." दहा मिनिटांचे आठवड्याला सत्तर होतात. दीड तासही नाही, पण घर शांत राहतं.

शेतीचं किंवा दुकानाचं काम असेल तर तारखा घेऊन बोला. वडिलांना असं सांगता येईल : "अप्पा, माझे पेपर दिवाळीनंतर आहेत. सोयाबीन काढायला मी शनिवार-रविवार दोन दिवस पूर्ण येतो. त्यानंतर पेपर संपेपर्यंत मला बोलावू नका, मजूर बघा." यात नकारही आहे आणि मदतही आहे. बाप मदत बघतो.

लग्नाच्या बोलण्यांचा विषय नाजूक आहे. इथे मुलींनी गप्प बसून कुढण्यापेक्षा घरातलं एखादं समजूतदार माणूस गाठावं. मामा असेल, आत्या असेल, मोठी ताई असेल. मागणी मोजकी ठेवावी : "शेवटचा पेपर होईपर्यंत बघण्याचा कार्यक्रम नको." लग्न करायचं की नाही, कधी आणि कुणाशी, हा सगळा वाद एकाच बैठकीत सुटत नाही. पेपर होईपर्यंतची मुदत मात्र मिळू शकते, आणि त्या मुदतीत हातात आलेली पदवी पुढच्या बोलण्यात तुमच्याच बाजूने उभी राहते.

५) मैत्री आणि प्रेम

या वयात कुणीतरी आवडणं स्वाभाविक आहे, त्यावर रागावण्याचं काहीच कारण नाही. पण काही गोष्टी तपासून बघा. तो किंवा ती तुमच्या परीक्षेच्या तारखा विचारते का? "आज अभ्यास आहे" म्हटल्यावर समजून घेते, की रुसून बसते? मेसेजला अर्ध्या तासात उत्तर दिलं नाही तर भांडण होत असेल, तर तिथे अभ्यासापेक्षा विश्वासाचा प्रश्न मोठा आहे.

चांगल्या नात्यात वेळ ठरवून घेता येतो. आठवड्यातून एक संध्याकाळ भेटायचं, बाकी दिवस लायब्ररीत शेजारी बसून आपापला अभ्यास करायचा, असं करणारी मुलं-मुली आपण बघतोच. ब्रेकअप झालंच तर ते एकट्याने गिळू नका. विश्वासाच्या मित्राला सांगा, आणि पुढचे आठ-दहा दिवस अभ्यासाचं लक्ष्य निम्म्यावर आणा. निम्मा अभ्यास झाला तरी तो शून्यापेक्षा बराच!

मित्रांच्या बाबतीत एक साधा निकष लावता येतो : ही गोष्ट पुन्हा येणार आहे का? रविवारची क्रिकेट मॅच पुढच्या रविवारीही आहे, ती सोडता येते. जिवलग मैत्रिणीचं लग्न पुन्हा नाही, तिथे अर्धा दिवस जाऊन या. आजी दवाखान्यात असेल तर जाच, सोबत वही घेऊन जा. ऐन परीक्षेच्या दिवसांत हाच निकष पेपरलाही लावा, कारण तो पेपर त्या दिवशी एकदाच असतो.

६) सुट्टी घ्यायची ती पूर्ण घ्या

पुस्तक समोर, फोन हातात आणि मन तिसरीकडे, अशा अवस्थेत चार तास गेले तर अभ्यासही झाला नाही आणि विश्रांतीही नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. त्यापेक्षा आठवड्यातला अर्धा दिवस उघडपणे सुट्टीचा ठरवा. गडावर जा, सिनेमा बघा, दुपारी झोपा, आईसोबत बाजारात जा. त्या वेळात अपराधी वाटून घेऊ नका, कारण तो वेळ वेळापत्रकातच लिहिलेला आहे.

परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत हा समतोल बिघडणारच. तेव्हा अभ्यास जास्त आणि बाकी सगळं कमी. परीक्षा संपल्यावर पारडं दुसरीकडे झुकू द्या, चार दिवस घरी राहा. समतोल एका दिवसात मोजू नका, सत्राचा मिळून मोजा.

७) गणित कोलमडलंच तर

कधी वडील आजारी पडतात, कधी फी भरायची पंचाईत होते, कधी स्वतःचंच मन इतकं खचतं की उठावंसं वाटत नाही. अशा वेळी वेळापत्रक कामाला येत नाही, माणसं येतात. वर्गशिक्षकांना किंवा तुमच्या मेंटॉरला लवकर सांगा आणि लेखी अर्ज द्या. हजेरी किंवा प्रोजेक्टच्या मुदतीचा प्रश्न आधी सांगितला तर शिक्षकांना काही करता येतं, निकाल लागल्यावर त्यांचेही हात बांधलेले असतात.

झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, २४ तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातो, तसंच हे आहे. पदवी महत्त्वाची आहेच, पण ती घेणारा माणूस धडधाकट हवा.

स्वाध्याय

१. तुमच्या १६८ तासांचा हिशोब एका कागदावर मांडा. फोनचा वेळ फोनच्या सेटिंगमध्ये बघून खरा लिहा.
२. या सत्रातल्या परीक्षा, प्रोजेक्टच्या तारखा आणि घरची कार्यं एकाच कॅलेंडरवर लिहा. जिथे टक्कर होते तिथे लाल खूण करा.
३. त्या कॅलेंडरचा फोटो आजच घरी पाठवा आणि फोनची रोजची वेळ ठरवा.
४. शेवटच्या वर्षात अभ्यासासाठी घरच्या कार्याला जाणं टाळावं का? दोन्ही बाजू मांडून १५० शब्दांत आपलं मत लिहा.

यातलं तिसरं काम सगळ्यात सोपं आहे, तिथून सुरुवात करा. सर्वांना परीक्षेसाठी मनापासून शुभेच्छा!