शरद ऋतूची रत्ने

मुलांनो, वर्षात ऋतू येतात आणि जातात. युरोप व अमेरिकेत सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या तीन महिन्यांत झाडांची पाने पिवळी-तांबूस होऊन गळतात. उर्दूत आपण या काळाला ‘खिजाँ’ म्हणतो. महाराष्ट्रात पानगळ शिशिरात होते; परंतु साधारण याच सुमारास आपल्याकडे पाऊस ओसरतो, आकाश स्वच्छ होते आणि शरद ऋतू येतो.

सराफाच्या दुकानात कधी कधी एक तक्ता लावलेला दिसतो. त्यात प्रत्येक महिन्यापुढे एकेका रत्नाचे नाव असते. सप्टेंबरचा नीलम, ऑक्टोबरचा ओपल आणि नोव्हेंबरचा पुष्कराज. ज्या महिन्यात आपला जन्म झाला, त्या महिन्याचा खडा अंगठीत घालावा, असे सांगितले जाते. हे खडे म्हणजे काय? त्यांचे खरे गुण कोणते? आणि त्यांच्याविषयी जे सांगितले जाते, त्यातले किती मानावे? आज आपण याचा विचार करू.

प्रथम नीलम पाहू. नीलम हा ‘कुरुविंद’ नावाच्या खनिजाचा प्रकार आहे. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने हे खनिज बनते. शुद्ध कुरुविंद रंगहीन असते. त्यात लोह आणि टायटॅनियम यांचा किंचित अंश मिसळला की ते निळे होते. क्रोमियम मिसळले की लाल होते व त्यास माणिक म्हणतात. उर्दूतील ‘याकूत’ हा शब्द तुम्हांला ठाऊक आहेच. जुन्या अरबी ग्रंथांत लाल, निळा व पिवळा अशा सर्व कुरुविंदांना याकूतच म्हटले आहे. रंग वेगळे असले तरी दगड एकच, हे त्या जाणकारांनी फार पूर्वी ओळखले होते!

नीलमासाठी श्रीलंका, म्हणजे अरब प्रवाशांचे ‘सरनदीप’, प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. तेथील एका गावाचे नावच रत्नपुर आहे. आपल्या देशात 1881 च्या सुमारास काश्मीरमधील पाडर भागात, किश्तवाडजवळच्या उंच डोंगरात दरड कोसळली आणि निळे खडे उघडे पडले. मखमलीसारख्या निळ्या रंगामुळे काश्मिरी नीलम जगभर नावाजला गेला. पण ती खाण काही वर्षांतच जवळजवळ रिकामी झाली.

दुसरे रत्न ओपल. या नावाचे मूळ संस्कृतातील ‘उपल’ म्हणजे दगड या शब्दात असावे, असे अनेक भाषातज्ज्ञ मानतात. खडा हलवला की त्यात लाल, हिरवे, निळे रंग चमकून जातात. हे रंग येतात कोठून? 1964 साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ओपल पाहिला. वाळूचा मुख्य घटक जो सिलिका, त्याचे अतिसूक्ष्म गोल गोळे त्यात रांगेने रचलेले दिसले. या रांगांमधून जाताना प्रकाशाचे रंग वेगळे होतात. ओपलमध्ये थोडे पाणीही असते. म्हणूनच तो नाजूक असतो. फार उष्णता किंवा कोरडेपणा लागला, तर त्यास तडे जाऊ शकतात.

तिसरे रत्न पुष्कराज. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. कारण एकाच नावाने तीन निराळे दगड विकले जातात. इंग्रजीतला ‘टोपाझ’ म्हणजे पुष्कराज, असे पुस्तकात असते. परंतु आपल्याकडील सराफ पुष्कराज म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा पिवळा नीलम अभिप्रेत असतो. शिवाय ‘सुनेला’ नावाचा पिवळा खडा असतो. तो स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा प्रकार आहे. तिघे दिसायला सारखे. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक! सुनेला पुष्कराज म्हणून गळ्यात मारला गेला, तर गरीब माणसाची वर्षाची बचत बुडते.

मग हे ओळखायचे कसे? याचे उत्तर एका थोर विद्वानाने सुमारे हजार वर्षांपूर्वी शोधले होते. त्यांचे नाव अबू रैहान अल् बीरूनी. त्यांचा जन्म 973 साली ख्वारिज्म येथे झाला. ते हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले आणि येथील लोकांच्या ज्ञानाविषयी त्यांनी ग्रंथ लिहिला. रत्नांवरही त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आहे. खडा हवेत तोलायचा आणि त्याने किती पाणी सारले तेही मोजायचे. यावरून त्याची घनता कळते, हे त्यांनी जाणले. निळ्या याकूताला 100 धरून त्यांनी इतर रत्नांचे तुलनात्मक वजन काढले.

तुम्हीही हिशेब करून पाहा. प्रत्येकी 4 ग्रॅम वजनाचे तीन पिवळे खडे घेतले आणि पाण्यात बुडवून तोलले. पिवळ्या नीलमाचे वजन सुमारे 1 ग्रॅमने कमी भरेल, टोपाझचे 1.1 ग्रॅमने, तर सुनेल्याचे 1.5 ग्रॅमने. डोळा फसतो, तराजू फसत नाही!

दुसरी कसोटी कठीणपणाची. मोस या शास्त्रज्ञाने 1812 साली मांडलेल्या श्रेणीत हिरा 10, नीलम 9, टोपाझ 8, सुनेला 7, तर ओपल साधारण 6 वर आहे. धुळीत स्फटिकाचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा 7 असतो. म्हणून ओपलची अंगठी कोरड्या फडक्याने पुसली तर धुळीनेच ओरखडे पडतात. टोपाझवर ओरखडा सहसा पडत नाही, पण जोराचा धक्का बसला तर तो एका सरळ पातळीत दुभंगतो.

आता रत्नांच्या ‘अर्था’कडे वळू. पाश्चात्य लोक नीलमाला निष्ठेचे, ओपलला आशेचे आणि टोपाझला मैत्रीचे चिन्ह मानतात. चिन्ह म्हणून हे सुंदर आहे. मित्राला दिलेल्या फुलाप्रमाणे खडाही मनातली भावना सांगतो. पण महिना आणि खडा यांची आजची यादी कोणी ठरवली? 1912 साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे जवाहिऱ्यांच्या सभेने! 1952 साली त्या यादीत बदल झाले आणि नोव्हेंबरसाठी टोपाझच्या जोडीला सुनेलाही आला. विचार करा, खड्यात जर नशीब बदलण्याची शक्ती असती, तर ती व्यापाऱ्यांच्या ठरावाने एका दगडातून दुसऱ्या दगडात कशी गेली असती?

अल् बीरूनींच्या काळीही अशा समजुती होत्या. पाचू, म्हणजे जमुर्रद, पाहताच साप आंधळा होतो, असे लोक सांगत. अल् बीरूनींनी वाद घातला नाही, प्रयोग केला. सापाभोवती पाचूची माळ घातली, त्याच्या खाली पाचू पसरले, डोळ्यांपुढे माळ हलवली. उन्हाळ्यात आणि थंडीत मिळून नऊ महिने हा प्रयोग चालला. सापाच्या दृष्टीवर काहीही परिणाम झाला नाही. त्यांनी तसे स्पष्ट लिहून ठेवले.

मुलांनो, आज कारखान्यातही नीलम तयार होतो. त्याची घनता आणि कठीणपणा खाणीतल्या नीलमाइतकाच असतो. सूक्ष्मदर्शकाखाली रंगाच्या रेषा पाहूनच तज्ज्ञ फरक सांगतात. म्हणून घरात कोणी मौल्यवान खडा घेणार असेल, तर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आणि पक्की पावती मागण्यास सांगा. कोणी आजार बरा होईल किंवा परीक्षेत यश मिळेल म्हणून खडा विकू लागला, तर त्यास विनयाने नकार द्या. आजारावर औषध आणि परीक्षेवर अभ्यास, हेच खरे उपाय आहेत. रत्न आवडले तर जरूर ल्यावे. मात्र ते पारखणारी बुद्धी त्याहून मोलाची आहे, आणि ती कोणत्याही महिन्यात जन्मलेल्याला मिळवता येते.

स्वाध्याय

1. नीलम व माणिक यांत साम्य कोणते व फरक कोणता?
2. ‘पुष्कराज’ या नावामुळे ग्राहकाची फसवणूक कशी होऊ शकते?
3. अल् बीरूनींनी पाचूविषयीची समजूत कशी तपासली? पाच-सहा वाक्यांत लिहा.
4. वाक्यांत उपयोग करा : गळ्यात मारणे, जमीन-अस्मानाचा फरक असणे.
5. पाठातील असे शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात.